झुडपाखालीं ठेविलेली भाकर
(शास्त्रपाठ : १ राजे १९:४-८)



कर्मेल डोंगरावर ज्यानें मोठा जय पाहिला, तोच एलीया पुढच्याच अध्यायांत रानांतील झुडपाखालीं बसून मरण मागतो. तेथें देवानें त्यास दोष दिला नाहीं. दूतानें त्यास स्पर्श केला व विस्तवावर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्यापाशीं ठेविलें. तो खाऊन पुन्हां निजला, तेव्हां दूत दुसऱ्यांदां आला. होरेबावरील वाणी मागाहून ऐकूं आली. अन्न आधीं मिळालें.

हा क्रम आम्ही एकदां विसरलों. मंडळींतील एक बंधु तोंडाच्या कर्करोगावर सहासात आठवडे किरणोपचार, ज्यास लोक शेक म्हणतात, घेऊन घरीं आले होते. पुढें ताट तसेंच, डोळ्यांत पाणी. अधिक विश्वास धरण्याचा बोध करून आम्ही उठलों. त्यांची पत्नी दारापर्यंत आली व म्हणाली, "पाळकसाहेब, त्यांचा विश्वास गेला नाहीं, तोंडाची चव गेली आहे." आम्ही लज्जित झालों.

शेक संपला म्हणजे दुखणें संपलें असें नाहीं. पहिल्या एकदोन आठवड्यांत तोंडाचा दाह अधिकही वाढतो. लाळ आटते, गिळतांना वेदना होतात, चव परतण्यास कित्येक महिने लागतात. अन्न न गेल्यानें शक्ति जाते, शक्तीबरोबर मन खचतें, आणि मन खचलें कीं घास आणखी नकोसा होतो. हें चक्र केवळ उपदेशानें तुटत नाहीं.

म्हणून तिखट कालवण व कडक भाकर बाजूस ठेवा. मऊ भात, पातळ खिचडी, मुगाचें वरण, शिजवून कुस्करलेलें अंडें, असें कोमट अन्न दिवसांतून ५-६ वेळां थोडें थोडें द्या. वजन उतरत असेल, गिळतांना ठसका लागत असेल, किंवा तो एलीयाप्रमाणें मरण मागूं लागला, तर विलंब न लावितां डॉक्टरांस कळवा. नाकांतील नळीनें अन्न देण्यास सांगितलें तर त्यांत लाज नाहीं. तीही देवाचीच भाकर.

त्याचें ताट वेगळें करूं नका. हा रोग ताटावाटे लागत नाहीं, आणि यंत्रानें बाहेरून दिलेल्या शेकाचे किरण रोग्याच्या अंगांत राहत नाहींत. दूतानें आधीं स्पर्श केला, हें ध्यानांत धरा.

तुमच्या गांवीं असा कोणी असेल, तर प्रार्थनेस जातांना रिकाम्या हातीं जाऊं नका. त्याच्याजवळ बसा, त्याचें ऐका. पहिल्या वेळीं घास गेला नाहीं तर पुन्हां जा; दूतही दोनदां आला. भाकर देणारा प्रभु आम्हां सर्वांस ही सेवा शिकवो. आमेन.