आईला जाब विचारण्याआधी

मूल जन्मते तेव्हा चारचौघांसारखे असते. वर्ष-दीड वर्षात वाढ खुंटते, केस झडतात, कातडी ताठर होते, टाळूवरच्या शिरा उठून दिसू लागतात. मग आपल्याकडे चौकशी सुरू होते ती आईची. ग्रहणात काही चिरलेस का? कुणाचा तळतळाट घेतलास? तुझ्या माहेरी असे कुणी होते का? पत्रिका दाखवल्या जातात, नवस बोलले जातात आणि त्या बाईच्या कपाळी दोष कायमचा लिहिला जातो.

या आजाराला प्रोजेरिया म्हणतात. १८८६ साली इंग्लंडमध्ये जोनाथन हचिन्सन यांनी त्याची पहिली नोंद केली. पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याचे कारण कुणालाच ठाऊक नव्हते. २००३ च्या एप्रिलमध्ये ते सापडले. अमेरिकेत फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या आणि फ्रान्समध्ये निकोला लेव्ही यांच्या गटाने ते स्वतंत्रपणे शोधले.

ते कारण प्रत्येक सासू-सासऱ्याने समजून घ्यावे असे आहे. आपल्या पेशीच्या केंद्रकाला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांचे अस्तर असते. त्यातल्या लॅमिन-एच्या जनुकात १८२४ व्या जागी ‘सी’ या अक्षराऐवजी ‘टी’ येतो. खरे तर या बदलाने त्या जागचे अमिनो आम्ल बदलतही नाही. पण जनुकाचा संदेश तयार होताना तो भलत्याच ठिकाणी कापला जातो, दीडशे अक्षरे गळतात आणि प्रथिनातून ५० अमिनो आम्ले नाहीशी होतात. नेमक्या त्याच तुकड्यात ती जागा असते, जिथे प्रथिनाला चिकटलेली स्निग्ध शेपटी छाटली जायची. ती छाटली जात नाही आणि प्रोजेरिन नावाचे हे सदोष प्रथिन केंद्रकाच्या पटलाला चिकटून बसते. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशीचे केंद्रक गुळगुळीत, लंबगोल दिसते. या मुलांच्या पेशींत ते जागोजागी फुगलेले, चुरगळलेले असते. धमन्या कडक होतात आणि उपचार नसतील तर सरासरी साडेचौदाव्या वर्षी हृदयविकार किंवा पक्षाघात मुलाला घेऊन जातो.

हा बदल जवळजवळ नेहमी नव्याने घडलेला असतो. आईच्या रक्तात तो नसतो, बापाच्याही नसतो. तपासलेल्या काही कुटुंबांत तो शुक्रपेशीत झाल्याचे आढळले. म्हणून आता बापाला धरा असेही मी म्हणणार नाही. अब्जावधी अक्षरांची नक्कल होताना एखादे चुकते, त्यात कुणाचे पाप नसते.

‘चाळीस लाख जन्मांत एक मूल, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?’ असे विचारणारी शिकलेली माणसे मला जास्त अस्वस्थ करतात. अमेरिकेत सॅम बर्न्स या मुलाच्या डॉक्टर आईवडिलांनी १९९९ मध्ये संस्था उभारली, पैसा आणि संशोधक एकत्र आणले, आणि चार वर्षांत जनुक हाती लागले. कर्करोगासाठी तयार झालेले लोनाफार्निब हे औषध ती शेपटी चिकटूच देत नाही, म्हणून ते या मुलांवर वापरून पाहिले गेले; २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सॅम २०१४ मध्ये सतराव्या वर्षी गेला. २०२१ मध्ये ते चुकलेले अक्षरच दुरुस्त करून उंदरांचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढवता आले. आणि प्रोजेरिन थोड्या प्रमाणात तुमच्या-माझ्या पेशींतही तयार होते, म्हणजे हे संशोधन आपल्याही उपयोगाचे ठरू शकते. पण आपला फायदा होतो म्हणूनच या मुलांच्या आजाराचा शोध घ्यावा, हा हिशेब मला मान्य नाही. तो फायदा नसता तरी ती मुले आपलीच होती.

अशाच मुलाची गोष्ट सांगणारा ‘पा’ हा चित्रपट २००९ मध्ये आपण डोळे पुसत पाहिला. त्यानंतर किती घरांत एखाद्या सुनेवरचा आरोप मागे घेतला गेला? देशाने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे धोरण केले, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातले एक केंद्र आहे. तेवढ्याने भागत नाही. तालुक्याच्या डॉक्टरला हा आजार ओळखता यायला हवा, जनुकचाचणी गरिबाच्या आवाक्यात यायला हवी. अहवाल हाती आला की डॉक्टरांनी आई, बाप, आजी, आजोबा यांना एकाच खोलीत बसवून सांगावे, की हे कुणामुळेही झालेले नाही. आणि आजीला प्रश्न असतील तर त्यांची उत्तरेही तिथेच, आईसमोर द्यावीत.