पायाखालची प्रार्थना

जर्मनीतल्या माइन-डॅन्यूब मार्गावरच्या क्रूझचे प्रवासी किनाऱ्याला उतरले की दिवसभर चर्च पाहत हिंडतात. वुर्ट्सबुर्गचे मारियेनकापेले आणि न्यूरेंबर्गचे फ्राउएनकिर्खे ही त्यांतली दोन देखणी चर्च. दोन्ही उभी आहेत ती १३४९ च्या ज्यू हत्याकांडात नष्ट झालेल्या सिनेगॉगांच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांच्या, जागी. रेगेन्सबुर्गमध्ये १५१९ साली ज्यूंना हाकलून सिनेगॉग पाडले गेले आणि तिथे मेरीचे तीर्थस्थान थाटले गेले. दुसऱ्याची प्रार्थना मोडून मिळवलेली जागा पवित्र ठरते का? माझ्या मते, पावित्र्य दगडात नसते. त्या जागेबद्दल खरे बोलण्याची तयारी असेल, तरच ते टिकते.

यावर कोणी म्हणेल, आज तिथे गुडघे टेकणाऱ्याने कोणाचे घर जाळलेले नाही. मान्य, पण दोष वारशाने येत नसला तरी जबाबदारी येते. दुसरा आक्षेप असा, की असे उकरत बसलो तर जुने हिशेब चुकते करण्याच्या नावाखाली नवी पाडापाडी सुरू होईल. ही भीती रास्त आहे. मात्र आठवण ठेवणे म्हणजे सूड नव्हे. रेगेन्सबुर्गच्या नॉयफारप्लाट्झवर दानी कारावान या शिल्पकाराने २००५ मध्ये त्या पाडलेल्या सिनेगॉगचा आराखडा पांढऱ्या काँक्रीटमध्ये साकारला. त्याच्या बुटक्या भिंतींवर लोक निवांत बसतात, शेजारचे चर्चही जागेवर आहे. तिथे श्रद्धेला धक्का लागला नाही, फक्त तिचा अहंकार उतरला.