सुखरूप पोहोचलेला निर्दोष असतो का?



आपल्या घरी लग्न, बाप्तिस्मा किंवा वाढदिवस असला की पाहुणचारात काही कमी पडू नये, असे आपल्या सर्वांनाच वाटते. रात्री उशिरा जेवणे आटोपतात. मिरजोळ्याहून कुणी शहराकडे निघतो, कुणी हातखंब्याकडे. त्यांपैकी काही जण प्यालेले आहेत हे आपल्याला दिसत असते. "जपून जा हं" एवढे म्हणून आपण हात हलवतो. सकाळी 'पोहोचलो' असा फोन आला की आपल्या दृष्टीने विषय संपतो. तो खरोखरच संपतो का, याचा आज थोडा विचार करू या.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा झाला. त्यासाठी अपघात व्हावा लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जीव जाऊ शकतो हे ठाऊक असूनही कृत्य केले, असे न्यायालयाला पटले, तर तो सदोष मनुष्यवध ठरतो आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते.

येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटे एक मोटार फुटपाथवर चढली. तेथे झोपलेल्या मजुरांपैकी सात जण ठार झाले, आठ जखमी झाले. चालक अ‍ॅलिस्टर परेरा याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम मद्यार्क होता, म्हणजे मर्यादेच्या साडेतीन पटींहून अधिक. २००७ मध्ये सत्र न्यायालयाने ही निष्काळजी मानून सहा महिन्यांची कैद आणि पाच लाख रुपये दंड ठोठावला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने हा सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

आता कल्पना करा, त्या पहाटे तो फुटपाथ रिकामा असता. तोच माणूस, तेवढेच मद्य, तोच वेग. मग प्रकरण कदाचित त्या वेळच्या २,००० रुपये दंडावर मिटले असते, किंवा कुणाला कळलेही नसते. दोन्ही वेळा त्याने केलेली निवड एकच आहे. फरक पडला तो चाकासमोर कोण झोपले होते याने, आणि ते काही त्याने ठरवले नव्हते. मग त्याचा अपराध नेमका कधी घडला? फुटपाथवर चढताना, की त्याआधी चावी फिरवताना?

यावर कुणी म्हणेल, "प्यायल्यावर माणसाला भान कुठे असते?" ही सबब फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपास मितिलीनीचा शास्ता पित्ताकस याने असा नियम केला होता की शुद्धीत केलेल्या गुन्ह्यापेक्षा नशेत केलेल्या गुन्ह्याला अधिक शिक्षा द्यावी. अ‍ॅरिस्टॉटलने त्याची दखल घेतली आणि त्यामागचे कारणही सांगितले: न पिणे त्या माणसाच्या हाती होते. संत थॉमस अक्वायनस यांनीही मद्यपानाच्या पापाची चर्चा करताना हाच धागा धरला. नंतर भान गेले हे खरे, पण पेला उचलताना ते होते. गाडीने जायचे आहे हे माहीत असून पेला उचलणारा तेव्हाच निर्णय घेत असतो.

न्यायालयाने परिणामाकडे पाहणे योग्यच आहे. गेलेल्या सात जणांच्या घरच्यांना उत्तर देणे त्याचे कर्तव्य आहे. पण सदसद्विवेकाचा तराजू वेगळा असतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद २२९० मध्ये, मद्यधुंद अवस्थेत किंवा वेगाच्या हौसेपायी स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणे हा गंभीर अपराध म्हटला आहे. तेथे जीव घेण्याची अट नाही. धोक्यात घालणे पुरेसे आहे. म्हणून आजवर दहा वेळा प्यायलेल्या अवस्थेत सुखरूप घरी आलेला माणूस दहा वेळा निर्दोष ठरत नाही. तो दहा वेळा वाचला, एवढेच. आणि त्याच्यासमोरून रस्ता ओलांडणाराही वाचला.

यजमान म्हणून आपण यातून बाहेर राहतो, असेही नाही. याच कायद्याच्या कलम १८८ नुसार, या गुन्ह्याला प्रोत्साहन वा साहाय्य देणाऱ्याला मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा होऊ शकते. कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. आग्रहाने पेला भरणारा हात आणि लाडाने चावी देणारा हात, दोन्ही कायद्याने पाहिले आहेत.

तेव्हा पुढच्या समारंभाची यादी करताना आचारी आणि मंडप यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी लिहून ठेवू या: पाहुण्यांना घरी सोडण्यासाठी एक रिक्षा किंवा न पिणारा चालक, आणि मुक्कामाला थांबणाऱ्यांसाठी चार अंथरुणे. एखाद्याची चावी काढून घ्यावी लागली तर तो रागावेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. तो राग आपण सोसू या.

प्रभू आपल्याला आणि आपल्या वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकाला सुखरूप घरी नेवो.