अजून नाही

भाचीच्या कथकच्या बाईंनी यंदा तिचा मध्यमा प्रथमचा फॉर्म भरला नाही. "तयारी नाही अजून," एवढंच म्हणाल्या. बहीण फोनवर चिडलेली. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, एक वर्ष गेलं की सगळं गणित फिसकटतं. "तू पण शिकलायस ना कथक? मग शनिवारी आलास की बोल त्यांच्याशी."

शिकलोय म्हणजे प्रवेशिका पूर्णपर्यंत. कोल्हापुरात पोरगं तालमीत जायचं सोडून घुंगरू बांधतं म्हटल्यावर गल्लीत काय ऐकावं लागतं, ते सोडा. त्या परीक्षेत माझा चौगुनीतला तत्कार समेच्या आधीच संपला होता. हातावर ताल धरून बोल म्हणायला सांगितले, तर तोंड एकीकडे आणि हात भलतीकडे. तरी पास झालो. कुणाला तरी दया आली असावी. पुढच्या वर्गात मला काहीच झेपेना. सहा महिने मागच्या रांगेत पाय आपटले आणि सोडून दिलं. ती दया होती की टाळाटाळ, हे मला आजही ठरवता येत नाही.

म्हणून परीक्षांनाच नावं ठेवावीत, असंही वाटत नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याआधी गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राबायचं आणि त्यांची मर्जी होईल तेवढंच पदरात पडायचं. पलुस्करांनी वर्ग पाडले, स्वरलिपीची पुस्तकं छापली. काय यायला हवं ते कागदावर आलं. पुढे त्यांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या मंडळाच्या परीक्षांत नृत्यही आलं. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची ही शिडी माझ्यासारख्या, घरात कुणी नाचत नसलेल्या मुलांसाठीच तर आहे.

बॅलेमध्ये बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूट पावलं, घोटे पुरेसे बळकट झाल्याशिवाय देत नाहीत, म्हणजे साधारण अकरा-बारा वर्षांनंतरच. घाई केली तर पाय दुखावतो, त्यामुळे पालकही ऐकतात. कथकमध्ये घाईनं होणारं नुकसान एक्स-रेत दिसत नाही. मग "अजून नाही" हा बाईंचा तोरा वाटतो. शिवाय त्यांना ते परवडतही नाही. नाराज पालक सरळ दुसरा क्लास गाठतात.

शनिवारी क्लासात जाऊन बसलो. भाची चौगुनीला सुटत होती, अगदी माझ्यासारखीच. बाई थांबवत होत्या, पुन्हा ठायीपासून सुरू करायला लावत होत्या. त्यांचं बरोबरच होतं. परतताना गाडीवर मागून ती म्हणाली, "मामा, मैत्रिणी सगळ्या पुढं जाणार." मी विचारलं, "तुझं काय राहिलंय, बाईंनी सांगितलं?"

"नाही. मम्मी म्हणाली, तयारी नाही."

मी गाडी वळवली. खरं सांगणं त्या मुलीचा हक्क होता आणि आम्ही तिघं मोठी माणसं ते एकमेकांनाच सांगत बसलो होतो. कागदावर छापलेला अभ्यासक्रम तिच्या बॅगेत होता, पण त्यातलं आपल्याला नेमकं काय येत नाही हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

बाई कुलूप लावत होत्या. मी म्हटलं, फॉर्मबद्दल बोलायचं नाहीये. त्यांनी भाचीकडे पाहिलं, कुलूप पुन्हा काढलं आणि म्हणाल्या, "चप्पल काढ. हातावर ताल धर."