छत्तीसचा आकडा आणि आमची छकुली

।। श्री गुरुदेव दत्त ।।



या आठवड्याचं चिंतन लिहायची सेवा माझ्याकडे आली. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही, आमच्या घरातच मिळाला.

माझी नात पाच वर्षांची आहे. इथे हजिऱ्यात शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी-गुजराती बोलणाऱ्या, कॉलनीबाहेर पडलं की पाट्या गुजराती. म्हणून तिला मराठी लिहिता-वाचता यावं हा माझा हट्ट. संध्याकाळी दिवा लावून शुभंकरोती झालं की आम्ही दोघी पाटी घेऊन बसतो. सध्या तिला नवाच छंद लागलाय. अक्षर उलटं काढायचं, पाटी घेऊन कपाटाच्या आरशासमोर पळायचं आणि "आजी, बघ, आरशात सुलटं झालं!" म्हणून खिदळायचं. कधी मुद्दाम करते, कधी आपोआप उलटं येतं आणि तिला ते कळतही नाही.

दोन दिवस मीही हसले. तिसऱ्या दिवशी मात्र रागावले. पाटी पुसली आणि दहा वेळा नीट लिहायला लावलं. तिने लिहिलं, पण मान खाली घालून. दुसऱ्या दिवशी पाटी काढली तर म्हणाली, "मला मराठी नाही लिहायचं. मराठीत आजी ओरडते."

सूनबाई ऐकत होती. म्हणाली, "आई, ती खेळतेय, चुकत नाहीये." मला लागलं. मी म्हटलं, "आत्ता वळण लावायचं नाही तर केव्हा?" झालं, दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं. मराठीत ज्याला छत्तीसचा आकडा म्हणतात, तो घरात येऊन बसला.

पण मन आत टोचत होतं. चूक म्हणायचं तरी कशाला?

बालवाडीत अनेक वर्षं शिकवलेल्या एका ताईंना विचारलं, थोडं वाचलंही. कळलं ते असं. लहान मूल जन्मल्यापासून एक गोष्ट शिकत असतं, की वस्तू कुठूनही पाहिली तरी वस्तू तीच. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कप. गाय इकडे तोंड करून उभी राहिली काय नि तिकडे काय, गायच. ही समज फार मोलाची आहे, तिच्याशिवाय जगणं चालणार नाही. अक्षर ही मात्र पहिली अशी वस्तू, जी फिरवली की 'ती नाही' असं आपण मुलाला सांगतो. मेंदूला जुनी सवय बाजूला ठेवून हे नवीन शिकावं लागतं. म्हणून चार ते सहा-सात वर्षांची पुष्कळ मुलं उलटी अक्षरं काढतात, फक्त डावखुरीच नाही. बहुतेकांचं पुढे आपोआप जातं. आठ वर्षांनंतरही राहिलं आणि वाचायलाही जड जात असेल, तर मात्र जाणकारांना दाखवावं.

मग वाटलं, अक्षराची दिशा ही काही देवाने घालून दिलेली नाही. तो माणसांनी आपसात ठरवलेला संकेत आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, तिथे तेच सुलटं. इथल्या गुजरातीत 'प' अक्षर आणि पाचचा आकडा जवळजवळ सारखेच दिसतात, कुठे काय वाचायचं ते मागच्या-पुढच्यावरून ठरतं. आणि उलटं अक्षर कामाचं नाही असंही नाही. अँब्युलन्सच्या तोंडावर नाव उलटं लिहितात, कारण पुढच्या गाडीवाल्याला ते आरशात सुलटं दिसावं. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पहिलं मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. दगडावर अक्षर उलटं असेल तरच कागदावर सुलटं उमटतं. पुढे शिशाचे खिळे आले, तेही उलटेच. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी ज्या छापील पोथ्यांची पारायणं केली, त्या सगळ्या उलट्या अक्षरांतूनच आल्या. आणि मी पाच वर्षांच्या पोरीवर डोळे वटारत होते.

विचार करताना लक्षात आलं की 'चूक' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक, ठरलेला संकेत मोडणं, जसं उलटं अक्षर. दुसरी, जे नाही ते आहे समजणं, जसं दोन आणि दोन पाच. तिसरी, कुणाला फसवणं किंवा दुखवणं, जसं मैत्रिणीची पेन्सिल लपवून "मी नाही घेतली" म्हणणं. पहिलीत सवय लावायची असते, दुसरीत समजावायचं असतं आणि फक्त तिसरीत मनाला बोच लागायला हवी. पण आपण तिन्हींना एकाच आवाजात ओरडतो. मुलाला मग फरक कळणार कसा? उलटा 'क' आणि खोटं बोलणं त्याला सारखंच वाटायला लागतं. कधी दोन्हींची भीती बसते, कधी दोन्हींची भीड जाते.

हे फक्त मुलांपुरतं नाही. नैवेद्याचं पान वाढताना सूनबाईने एकदा कोशिंबीर उजव्या बाजूला वाढली, तेव्हा मी जो सूर लावला होता तो मला आठवला. डावी-उजवी बाजू हाही संकेतच. तो जपावा, आपल्या पूर्वजांनी प्रेमाने लावलेलं वळण आहे ते. पण ते सांगताना मी तिच्याकडून पाप घडल्यासारखं बोलले होते. सत्संगात आपण नेहमी ऐकतो, आधी स्वतःकडे पाहावं. संस्कृतात आरशाला 'आदर्श' असाही शब्द आहे. नात आरशासमोर पळत होती, पाहायचं मात्र मला होतं.

त्या संध्याकाळी मीच पाटी घेऊन तिच्याजवळ गेले. म्हटलं, "आज आजी ओरडणार नाही. तुला हवं ते लिही." म्हणाली, आकडे. एकतीसपासून सुरू केलं. छत्तीसला आली आणि दोन्ही आकडे उलटे काढले. ३ उलटा केला की जवळजवळ ६ होतो आणि ६ चा ३. पाटीवर झालं ६३! छत्तीसमध्ये पाठ फिरवून उभे असलेले दोघं त्रेसष्टमध्ये समोरासमोर आले होते.

मी ती पाटी तशीच स्वयंपाकघरात नेऊन सूनबाईला दाखवली. तिने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं गं. तुझ्यावर रागावले ते आणि पोरीवर ओरडले तेही." खरं तर तेवढंच बोलायचं राहिलं होतं.

आता कुणी म्हणेल, मग शिकवायचंच नाही का? शिकवायचं तर आहेच. छत्तीस रुपयांच्या जागी त्रेसष्ट मांडले तर भाजीवाला ऐकणार नाही. संकेत सगळ्यांनी पाळला तरच एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं. म्हणून हल्ली मी तिला सांगते, "हे आरशाचं अक्षर, छान आहे. आता माणसांचं काढ, म्हणजे आईला वाचता येईल." ती दोन्ही काढते. मराठीची पाटी पुन्हा ती स्वतःहून आणते.

या आठवड्यात आपण सगळ्यांनीच एवढं करून पाहूया. घरात कुणाला "चुकलं" म्हणण्याआधी क्षणभर थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, ही तिन्हींपैकी कुठली चूक? मग आवाज ठरवायचा.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्यावं.

जय गुरुदेव.