कासरा कुणाच्या हाती?

प्रतापनगरात राहून माणसाला बैलांचा विचार करायचं काही कारण नाही. चौकात सकाळपासून शिकवणीला निघालेल्या मुलांच्या स्कूटी, संध्याकाळी खामल्याच्या बाजारातून परतणाऱ्या बायका, रात्री रिंग रोडवरचे ट्रक. गेली सत्तावीस वर्षं मी इथे राहतो आणि एका कार्यालयात हिशेब तपासतो. तरीही 2022 ते 2024 या काळातले तीन हिवाळे मी दर शनिवारी रात्री बस धरून वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो आणि रविवारी अब्बांच्या बैलजोडीसमोर उभा राहिलो. कारण साधं होतं. अब्बा धुरकरी होते, म्हणजे शंकरपटात जोडी हाकणारे, आणि सुटण्याआधी जोडी धरायला त्यांना माणूस हवा होता.

पश्चिम महाराष्ट्र ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतो त्याला आपण विदर्भात शंकरपट म्हणतो, बोलताना नुसताच पट. पिकं घरात आली की गावोगाव पट भरतात. भंडारा-गोंदियाकडे दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक हे ठरलेलं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर साऱ्या विदर्भाला माहीत आहे. तिथे बायकांचाही वेगळा पट होतो. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर पळते. सारा खेळ काही सेकंदांचा. त्या सेकंदांसाठी वर्षभर ढेप, सरकी, कुटार, मालिश आणि नदीवरच्या अंघोळी.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसोबत बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. तो निकाल निराधार होता असं मी म्हणणार नाही. शेपट्या पिरगाळणं, पराणी टोचणं, क्वचित त्याहून वाईट, हे सगळं मी लहानपणी पाहिलं आहे. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण ती उच्च न्यायालयात अडकली. 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. वर्तमानपत्रात ही चार तारखांची बातमी असते. आमच्या घरात तो एका माणसाच्या आयुष्याचा हिशेब होता. बंदी आली तेव्हा अब्बा 58 वर्षांचे होते. उठली तेव्हा पासष्टी उलटली होती. कोणत्याही शर्यतीच्या माणसाला शेवटची काही वर्षं मिळतात, ज्यात तो हळूहळू हरायला शिकतो. अब्बांची नेमकी तीच वर्षं गेली होती. ते थांबले तेव्हा जिंकत होते आणि परत आले तेव्हा त्यांच्या मते जिथे थांबले तिथूनच पुढे निघाले होते.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं. मी वेसण सोडून बाजूला उडी घेतो आणि त्याच क्षणी धुरकऱ्याचा कासरा सैल पडला पाहिजे. अब्बांचा हात क्षणभर मागे राहत होता. बैल निघालेले असत आणि कासरा अजून ओढलेला. बघ्यांना ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं, कारण बैलांची मान मागे खेचली गेलेली मी हातभर अंतरावरून पाहत होतो. आणि पल्ल्याच्या शेवटी, जिथे जोडी आवरायची असते, तिथे ते उशिरा आवरत. दुसऱ्या हिवाळ्यात एका गावी जोडी लोकांच्या अंगावर जाता जाता राहिली. कुणाला लागलं नाही. लोक हसले, अब्बाही हसले. मी मात्र त्या रात्री बसमध्ये झोपू शकलो नाही.

प्रश्न असा होता : सांगायचं का? आणि सांगायचं तर कुणी?

आपल्या घरांत या प्रश्नाचं एक तयार उत्तर असतं. वडिलांना उलट बोलायचं नाही. आईवडील म्हातारे झाले की त्यांच्याशी किती अदबीने वागावं याची ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो. मीही तिचा आधार घेतला आणि दोन वर्षं गप्प राहिलो. पण जसजसा विचार करत गेलो तसतसं मला वाटू लागलं की मी त्या ताकिदीचा अर्थ माझ्या सोयीने लावतो आहे. नरमाईने बोला असं सांगितलं आहे, बोलूच नका असं नाही. बोलण्याची रीत सांगितली आहे याचाच अर्थ बोलायची वेळ येणार हे गृहीत धरलं आहे. माझ्या गप्प बसण्यात अदब किती आणि भित्रेपणा किती, हे मी स्वतःला विचारलं तेव्हा उत्तर फारसं सुखाचं आलं नाही.

शिवाय माझ्या मौनाची किंमत मी देत नव्हतो. ती मुके बैल देत होते. पटाचं समर्थन करताना आपण सगळे म्हणतो की आम्ही बैलांना लेकरांसारखं वाढवतो. मग लेकराची मान उगाच खेचली जात असताना बापाचं मन राखायचं की लेकराची मान? ज्या आक्षेपावरून सात हिवाळे पट बंद राहिला, तो आक्षेप आता आमच्याच घरात उभा होता. चाबूक, काठी, पराणी यांना नियमांनी बंदी आहे, पण म्हाताऱ्या हाताला बंदी करणारा नियम नसतो.

कधी कधी मी दुसऱ्या टोकाचा विचार करी. अमेरिकेत मोटारींच्या शर्यतींत अन्सर नावाचं घराणं होऊन गेलं. 1985 च्या हंगामात अल अन्सर आणि त्याच नावाचा त्यांचा मुलगा एकाच अजिंक्यपदासाठी लढत होते. बाप 46 वर्षांचा, मुलगा 23 चा. शेवटची शर्यत मायामीत झाली. तीत मुलगा तिसरा आला, बापाने अखेरच्या टप्प्यात एकाला मागे टाकून चौथी जागा मिळवली आणि 151 विरुद्ध 150 अशा एका गुणाने मुलाला हरवलं. बापाने मुलासाठी जागा सोडली नाही, मुलानेही बापासाठी वेग कमी केला नाही. 1987 मध्ये त्याच बापाने इंडियानापोलिसची मोठी शर्यत चौथ्यांदा जिंकली. 1994 मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी ती शर्यत मुलाने जिंकली. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मुलाने मुद्दाम हरून बापाचा मान राखला असता तर तो मान नव्हे, भीक ठरली असती. एकमेकांशी खरं वागणं हाच त्यांनी एकमेकांचा केलेला आदर होता. मी अब्बांना दर रविवारी 'आज छान पळाली जोडी' असं सांगून काय देत होतो?

पण माझी आणि त्या मुलाची तुलना तरी कशी करायची? तो स्वतः शर्यतीत होता. त्याच्याजवळ बोलायची गरजच नव्हती, त्याच्याऐवजी गुणफलक बोलत होता. मी आठवड्याला एकदा येणारा हिशेबनीस.

आणखी एक फरक. घोड्यांच्या शर्यतीत निवृत्तीला जागा असते. पेसी श्रॉफ हे नामवंत जॉकी. पुढे ते तितकेच नामवंत प्रशिक्षक झाले. घोड्यावरून उतरलेल्या माणसाला तबेल्यात खुर्ची मिळते. पटाच्या धुरकऱ्याला असं काही नाही. तो उतरला की थेट गर्दीत जातो, बघ्या होतो. अब्बांना थांबा म्हणणं म्हणजे गर्दीत जा म्हणणं होतं. माझी जीभ अडत होती ती इथेही.

तिसऱ्या हिवाळ्याच्या आधी, पोळ्यानंतर, अब्बांनी उजवीकडच्या बैलाला थांबवलं. सरावाची एक फेरी झाली. त्यांनी त्याच्या बरगडीवर हात ठेवला, श्वास मोजले आणि जू उतरवताना म्हणाले, "झालं याचं." इतकंच. ना चर्चा, ना पश्चात्ताप. 2015 पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हाताऱ्या बैलाचं काय करायचं हा प्रत्येक शेतकऱ्याचा प्रश्न झाला आहे. त्यात म्हातारा बैल घेऊन रस्त्याने निघालेला मुसलमान किती नजरांना उत्तर देतो हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. पण अब्बांच्या मनात विकण्याचा विचारच नव्हता. शेजाऱ्याने विचारलं तेव्हा ते वऱ्हाडीत म्हणाले, "ज्यानं मले वीस गावं दाखवली, त्याले मी रस्ता दाखवू काय?" बैल आजही गोठ्यात आहे. त्याला ढेप मिळते, फक्त जू मिळत नाही.

मी ते पाहत होतो आणि माझ्या मनात आलं की थकवा ओळखणं, न लाजवता थांबवणं आणि थांबवल्यावर घरातच ठेवणं, ही सगळी विद्या या माणसाजवळ आहे. ती त्याच्यासाठी वापरणारं मात्र कुणी नाही.

तसं माणूस होतं. मला दिसलं नव्हतं इतकंच. माझी बहीण, जिला मी आपा म्हणतो, शौहर गेल्यापासून माहेरी आहे. बंदीच्या वर्षांत, जेव्हा पटाच्या बैलांना खाऊ घालणं हा निव्वळ वेडेपणा होता, तेव्हा पहाटे उठून ढेप भिजवणारी तीच होती. बैल अब्बांच्या आवाजाने उभे राहत आणि तिच्या आवाजाने चालत. जानेवारी 2024 मध्ये एका पटाच्या आदल्या रात्री आम्ही तिघं गोठ्यात होतो. ती शेण भरता भरता, वर न बघता म्हणाली, "अब्बा, उद्या कासरा चाचाच्या पोराले द्या. तुमी शेवटी उभे राहा. तुमचा आवाज आला का बैल आपोआप थांबतेत. त्याले थांबवता येत नाही."

अब्बा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मलेबी येत नाही आता थांबवता."

दोन वर्षं जे वाक्य मला सापडलं नव्हतं ते तिने शेणाच्या टोपलीसोबत उचललं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. तिचं म्हणणं पूर्ण खरं होतं का? हात मागे पडतो हे तिने सांगितलं नाही. तिने त्यांना काम दिलं, आणि खरं ते स्वतः बोलले. हे अर्धसत्य की पूर्ण नरमाई, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. एवढं मात्र कळलं की सत्य सांगण्याचा अधिकार नात्याने आपोआप मिळत नाही, तो सोबत केलेल्या कामातून येतो. मी मुलगा होतो. ती सहकारी होती. मी न्यायाधीशासारखा रविवारी यायचो, निकाल मनात ठेवायचो आणि बस धरून परत जायचो.

हदीसमध्ये अज़्बाची हकिकत आहे. प्रेषितांच्या (स.) या उंटिणीला शर्यतीत कुणी मागे टाकू शकत नसे. एकदा एका भटक्या अरबाचा तरुण उंट तिच्या पुढे गेला आणि सोबत्यांना फार वाईट वाटलं. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावलं की जगात जे वर चढतं ते खाली आणणं ही अल्लाहचीच रीत आहे. ही हकिकत मी लहानपणापासून ऐकली होती. पण उंटीण हरली म्हणून सोबत्यांना वाईट वाटलं, याकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. उंटिणीला वाटलं असं कुठे म्हटलेलं नाही. हरणं ज्याचं त्याला बहुधा पेलतं. आपल्यालाच ते पाहवत नाही, आणि आपल्या त्या दुबळेपणाला आपण अदब म्हणतो.

दुसऱ्या दिवशी अब्बा पल्ल्याच्या शेवटी उभे राहिले. जोडी सुटली. माझ्यापासून ते लांब होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. आवाज तेवढा ऐकू आला आणि बैल थांबले. जोडीचा नंबर लागला नाही.

परतताना आपाने विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना? आता तर तुझं काम नाही."

मी हो म्हणालो. त्यानंतर किती रविवार गेलो, हा हिशेब मला कुणी विचारलेला नाही. तोही मलाच तपासायचा आहे.