तिखटाचा रस आणि तिखटाचा दाह

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे जे त्रिविध वर्गीकरण आले आहे, त्यात तिखट, आंबट, खारट, अतिउष्ण, तीक्ष्ण, रूक्ष आणि दाहकारक अन्न राजस वृत्तीच्या माणसांना प्रिय असते व ते दुःख, शोक आणि रोग यांना कारण होते, असा निःसंदिग्ध निर्वाळा दिलेला आहे. ज्या मुलखात भाकरीशेजारी ठेच्याचा गोळा नसेल तर जेवण अपुरे वाटते, आणि ज्या मुलखातील वारकरी तीच गीता ज्ञानेश्वरीच्या मुखाने शतकानुशतके ऐकत आले आहेत, तेथील विचारी मनुष्याला या निर्वाळ्याची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. मनुष्य आपल्या जिभेला बुद्धिपुरस्सर वेदना देतो आणि त्या वेदनेत सुख मानतो, ही केवळ इंद्रियांची उच्छृंखलता समजावी, की सत्त्वशील माणसालाही ग्राह्य वाटावा असा काही रस त्या वेदनेच्या पोटी आहे, हा तो प्रश्न होय.

गीताकाराच्या दृष्टीसमोर मिरची नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सुंठ, मिरी आणि पिंपळी ही आयुर्वेदातील त्रिकटू हाच त्या काळच्या तिखटाचा मुख्य संसार होता. मिरची ही अमेरिका खंडाची वनस्पती. १४९२ साली कोलंबस त्या किनाऱ्याला लागल्यानंतर ती युरोपीय दर्यावर्दींच्या हाती आली आणि १५१० साली गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल बसल्यानंतर त्यांच्या व्यापाराबरोबर ती आमच्या किनाऱ्यावर उतरली. पुढे तिने असा जम बसवला की ज्या धर्मशास्त्राने तिचे नाव कधी ऐकले नव्हते त्याच्या उपवासातही तिला मुभा मिळाली. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत हळद, मोहरी आणि हिंग बहुतेक घरांतून वर्ज्य, परंतु हिरवी मिरची मात्र चालते, आणि तिच्या जोडीला असणारे शेंगदाणे, बटाटा व ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद ही सारी मंडळीही मूळची अमेरिकेचीच आहेत. घरोघरच्या स्त्रियांनी कोणत्याही पीठाचा हुकूम न घेता पाडलेला हा शिरस्ता मला मोठा अर्थपूर्ण वाटतो, कारण त्यांनी वस्तूचे नाव आणि गाव न पाहता ती पानात कोणत्या मर्यादेने वागते हे पाहिले.

मर्यादेचा हाच विचार आचार्यांनीही केला आहे. त्या श्लोकात ‘अति’ हे उपपद केवळ उष्णतेला लावलेले दिसते. परंतु शंकराचार्य आपल्या भाष्यात सांगतात की ते तिखटापासून दाहकापर्यंत सर्वत्र जोडून घ्यावयाचे, म्हणजे अतितिखट, अतिआंबट, अतिखारट असा अर्थ करावयाचा. असा अर्थ केल्याबरोबर आरोपाचे स्वरूपच बदलते, कारण मग दोष तिखटाच्या माथी न राहता अतिरेकाच्या माथी येतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहा रसांचे जे विवेचन आहे त्याचीही रीत हीच आहे. प्रत्येक रसाचे गुण आधी सांगावयाचे आणि तोच रस एकट्याने व अतिप्रमाणात सेवन केल्यास होणारे अपाय मग सांगावयाचे, या न्यायातून मधुर रसदेखील सुटलेला नाही. आणखी एका गोष्टीकडे मला लक्ष वेधावयाचे आहे. गीतेने सात्त्विक अन्नाचे वर्णन करताना ते रसयुक्त असते असे सांगितले आहे, आणि तामस अन्नाच्या लक्षणांत रस निघून गेलेला असणे हे एक लक्षण दिले आहे. तेव्हा रसाचे अस्तित्व ही सात्त्विकतेची एक खूण ठरते, आणि ज्या तिखटाने अन्नाचा रस उजळतो त्याचा विचार ज्या तिखटाने तो रस बुडतो त्याच्याहून वेगळा करणे प्राप्त होते.

येथे आधुनिक शास्त्राची साक्ष उपयोगी पडते. मिरचीतील दाहक द्रव्य, ज्याला कॅप्सेसिन म्हणतात, ते शुद्ध स्वरूपात रंगहीन व गंधहीन असते. ते मिरचीच्या बियांत तयार होत नसून बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते, पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही आणि स्निग्ध पदार्थांत विरघळते, म्हणून तोंड पोळल्यावर पाण्याने न भागता दह्यादुधाने भागते. डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली शोधून काढले की हे द्रव्य ज्या ग्राहकप्रथिनाला जाऊन चिकटते तेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढील उष्णतेची वर्दी मेंदूला देत असते. या परंपरेतील कार्यासाठी २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. याचा अर्थ असा की तिखट ही जिभेच्या दृष्टीने चव नव्हेच. ती भाजल्याची खोटी वर्दी आहे. पक्ष्यांच्या ठायी हेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून ते मिरची निर्वेधपणे खातात आणि तिचे बी दूरवर पेरतात. दाढांनी बी चिरडणाऱ्या सस्तन प्राण्यांना मात्र तो दाह दूर ठेवतो. निसर्गाने ज्याला परतवून लावण्याची योजना केली त्या मनुष्यप्राण्यानेच तिची शेते लावली. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील ओहाका प्रांतात अभ्यास करताना पाहिले की ज्या गावात लहानथोर सारे मिरची आवडीने खातात तेथील कुत्री आणि डुकरे, रोज तीच उष्टी खरकटी खात असूनही, तिची आवड धरीत नाहीत. वेदनेला सुखाच्या पदवीला चढवणे हे विशेषेकरून मानवी कर्तृत्व आहे, आणि म्हणूनच ते तत्त्वज्ञानाच्या कक्षेत येते.

या कर्तृत्वाचा उलगडा मला आपल्या साहित्यशास्त्रात सापडतो. करुण नाटक पाहताना अश्रू येतात आणि तरीही प्रेक्षक दुसऱ्या दिवशी तेच नाटक पाहावयास जातो, याचे कारण काय, हा वाद आपल्याकडे जुना आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची जी उपपत्ती मांडली, तिचा आशय असा की रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु स्वतःचे भान सोडीत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच काव्यानंद आहे. भरतमुनींनी नाट्यरसाची कल्पना समजावून देण्यासाठी नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचाच दाखला घेतला होता. तेव्हा नाट्याची उपपत्ती परत अन्नाकडे नेण्यात औचित्यभंग होतो असे मी मानत नाही. तिखट खाणाऱ्याची जीभ जळत असते, आणि आपण वस्तुतः जळत नाही हे तो जाणत असतो. देह फिर्याद करतो, साक्षी ती ऐकतो आणि विचलित होत नाही. आणि या अविचलतेत त्या दाहाच्या मागे उभा असलेला लसणाचा उग्र सुवास, भाजलेल्या सालीचा धुरकट वास, आंबटाची धार हे सारे अधिक ठळकपणे त्याच्या प्रत्ययास येते. हा साक्षी जोपर्यंत जागा आहे तोपर्यंत तिखट हा रसाचा सेवक आहे. दाह इतका वाढला की साक्षीच नाहीसा होऊन केवळ तळमळणारा देह उरला, म्हणजे आचार्यांनी सांगितलेल्या ‘अति’च्या हद्दीत आपण आलो असे समजावे.

आजच्या काळात ही हद्द ओलांडण्याचीच मोठी अहमहमिका चालू आहे. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली तिखटाचे मापन करण्याची एक रीत बसवली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका विरळ करीत जावयाचा की पंच म्हणून बसवलेल्या माणसांना तो झोंबेनासा व्हावा, आणि तो किती पटीने विरळ करावा लागला तो आकडा हेच तिचे माप. रीत उपयुक्त होती, पण तिने केवळ दाह मोजला. सुवास, गोडवा आणि खोली यांना आकडा मिळाला नाही, आणि ज्याला आकडा मिळतो त्याचीच चढाओढ होते. २०२३ साली ‘पेपर एक्स’ नावाच्या मिरचीने सरासरी २६,९३,००० एककांचा जागतिक विक्रम नोंदवला. निव्वळ कॅप्सेसिनचा अर्क ओतून केलेले हॉट सॉसही बाजारात मिळतात, ज्यांच्या बाटलीवर कवट्या छापलेल्या असतात. अशा सॉसचा अन्नाशी काहीही संबंध उरत नाही. तेथे भोक्त्याला हवा असतो पराक्रम, आणि राजस वृत्तीचे लक्षण यापेक्षा स्पष्ट कोणते असणार?

याच्या उलट, ज्यांनी दाहाला धीराने वागवले त्यांची परंपराही तितकीच जिवंत आहे. लुइझियानातील एव्हरी बेटावर एडमंड मॅकिलेनी यांनी १८६८ साली टॅबॅस्को सॉस विक्रीस काढला. त्यात लाल मिरची, मीठ आणि व्हिनेगर या तीनच वस्तू असतात, परंतु वाटलेली मिरची मिठासह ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरू दिली जाते आणि मगच तिची व्हिनेगरशी गाठ पडते. त्याचे तिखट स्कोव्हिलच्या मापाने पाच हजारांच्या आतच राहते. गोव्याचा रेशाद मसाला तर मला या साऱ्यांत श्रेष्ठ वाटतो. सुक्या लाल मिरच्या, लसूण, जिरे, मिरी, दालचिनी, लवंग हे सर्व माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरमध्ये गंधासारखे बारीक वाटावयाचे, आणि बांगड्याच्या पोटात भरून तो तळावयाचा. त्या मसाल्यात आंबट पुढे येते, तिखट मागून येते, आणि मासा दोहोंच्या मध्ये आपले स्वत्व राखून असतो. कोल्हापूरकडे मसाल्यासाठी मिरच्या निवडतानाही हाच विवेक चालतो. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी किंवा संकेश्वरी, अशी वाटणी करूनच जाणती गृहिणी कांडप करते. आणि ठेचा! तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण व जाडे मीठ दगडावर ओबडधोबड ठेचले असता जी चव येते ती यंत्रात वाटून कधीही येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

अस्वादव्रताचा पक्ष येथे उपस्थित होतो, आणि त्याला हलके लेखून चालणार नाही. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना जी पत्रे लिहिली त्यांत या व्रताचे विवेचन आहे; अन्न औषधाप्रमाणे देहधारणेपुरते घ्यावे, केवळ चवीसाठी मीठ वाढवणे हाही व्रतभंग होय, अशी त्यांची भूमिका होती. जैनांचे आयंबिलही तेल, तूप, साखर आणि मसाले वर्ज्य करूनच केले जाते. या तपापुढे माझे मस्तक नम्र होते, कारण ते साधकाने आपल्या इच्छेने पत्करलेले असते. परंतु व्रत हे व्रत म्हणून थोर असले तरी ते सर्वांच्या अन्नावरचा निकाल होऊ शकत नाही. आपल्याकडे नैवेद्याचे पान वाढताना चटणी, कोशिंबीर, लोणचे यांना डावी बाजू राखून ठेवलेली असते. त्यांना बरखास्त केलेले नाही, आणि वरणभाताची जागाही बळकावू दिलेली नाही. प्रत्यक्ष परमेश्वरापुढे ठेवावयाच्या पानात ज्याला स्थान आहे, त्याला मी स्वभावतःच अपवित्र कसे म्हणू?

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. तिखटाच्या वेदनेत रस आहे तो ती वेदना ज्याची त्याने स्वखुशीने घेतलेली असते म्हणून. मुलाच्या तोंडात शिक्षा म्हणून मिरची घालणे, पाहुण्याच्या पानात थट्टेने जहाल सॉस मिसळणे, ज्याला तिखट सोसत नाही त्याच्या मर्दपणाचा हिशेब मांडणे ही सरळ हिंसा आहे, आणि तिच्यात साक्षी नाही, रसही नाही. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की हॉट सॉस असो वा ठेचा, तो प्रथम कोऱ्या भाताबरोबर अल्प चाखून पाहावा. झोंबणे ओसरल्यावर तोंडात काही चव मागे राहिली तरच तो घरात ठेवावा. आणि दुसऱ्याच्या पानात त्याने मागितल्याशिवाय वाढू नये.